हात मागे बांधून चालवलेलं मशीन

"तुमची पोरगी नगरला काय करते?" असं कुणी विचारलं की माझी आई सांगते, "सिगारेटच्या बुडाला कापूस असतो ना, तो मोजती." जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावात हे उत्तर ऐकून माणसं पावसापाण्याच्या गप्पांवर येतात. सुरुवातीला मला या उत्तराचा भयंकर राग यायचा. स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली मी, आणि एवढ्या सगळ्याचं आईनं केलं काय, तर कापूस मोजती. आता राग येत नाही. तसं बघितलं तर मी तेच करते, आणि चांगलं करते.

फक्त तो कापूस नसतो, हे मी एकदाच सांगून ठेवते. लाकडाच्या लगद्यापासून केलेले ते बारीक तंतू असतात. त्यांचा पांढरा, मऊ, लांबच लांब दोर असतो आणि त्याला आम्ही टो म्हणतो. तो दाबून बांधलेल्या मोठ्या गाठींतून येतो. मशीन तो गाठीतून वर ओढतं, ताणून पसरवतं, त्यावर तेलासारखा एक द्रव फवारतं म्हणजे तो थोडा कडक होतो, मग सगळा गोळा करून कागदात गुंडाळतं आणि वीतभर लांबीचे रॉड कापत जातं. हे रॉड पेट्यांत भरून सिगारेटच्या कारखान्याकडे जातात, आणि तिथं त्यांचे तुकडे होऊन सिगारेटींना लागतात. आमच्या शेडमध्ये तंबाखूचा कणही येत नाही. सिगारेट मला स्वतःला आवडत नाही. वडिलांची बिडी सुटली ती माझ्या कटकटीनं, हेही खरं. मग तिथं काम कसं करतेस, असं विचारणाऱ्यांना मी सांगते की नगरच्या एमआयडीसीत स्टॅटिस्टिक्सवाल्या मुलीला बोलावणारा तेव्हा तो एकच कारखाना होता. तुमच्याकडे दुसरा असेल तर पत्ता द्या.

भिंगारमध्ये एक खोली घेऊन मी राहायचे आणि सकाळी कंपनीच्या बसनं जायचे. माझं काम सोपं वाटेल. दर अर्ध्या तासानं प्रत्येक मशीनवरचे दहा रॉड उचलायचे आणि त्यांचं वजन, घेर आणि ओढ मोजायची. ओढ म्हणजे त्या रॉडमधून हवा खेचायला किती जोर लागतो, ते. ओढ जास्त झाली की सिगारेट ओढणाऱ्याचे गाल आत जातात, कमी झाली की नुसती नळी तोंडात धरल्यासारखं होतं, आणि दोन्ही वेळा शिव्या आमच्या गिऱ्हाइकाला पडतात. म्हणून गिऱ्हाईक सगळ्यात आधी ओढ बघतं. दहा रॉडची सरासरी काढायची, चार्टवर टिंब द्यायचं, आधीच्या टिंबाला रेघेनं जोडायचं. चार्ट मशीनशेजारच्या फळीवर टांगलेला असायचा. सगळ्यांना दिसायचा आणि सहसा कुणी बघायचं नाही.

मशीनं तीन होती. एक आणि दोन नंबरची नवी, पडद्यावर बोट टेकवलं की चालणारी. तीन नंबरचं जुनं, कुठूनतरी वापरलेलं आणलेलं. त्याला टो-दोराचा ताण कमीजास्त करायला हातानं फिरवायचं एक चाक होतं. त्या चाकापाशी मामा असायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत. अकोले तालुक्यातल्या डोंगरातले, भात पिकवणाऱ्या गावचे. हा कारखाना सुरू झाला तेव्हापासून तीन नंबर त्यांच्याकडे होतं. गंजी धुतलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि कामाला वाघ. माझं टिंब पडलं रे पडलं की मामा वाकून बघायचे. टिंब मधल्या रेघेच्या वर गेलं असलं तर चाक थोडं इकडे, खाली असलं तर थोडं तिकडे. दर अर्ध्या तासानं, न चुकता. कधी कधी मी यायच्या आधीच बोटांत रॉड दाबून बघायचे आणि चाक फिरवून ठेवायचे. "ताई, लई लक्ष द्यावं लागतं हिच्याकडं," असं मशीनकडे बोट करून म्हणायचे.

याला कारण आमच्या साहेबांचा एक कायदा होता. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. त्यांना रिकामे हात बघवत नसत. "मशीनपाशी उभा राहिलेला माणूस आणि एसटी स्टँडवर उभा राहिलेला माणूस, यात मला फरक दिसला पाहिजे," असं ते दर मीटिंगला सांगायचे. त्यामुळे साहेब शेडमध्ये शिरले की सगळे काहीतरी पुसायला, फिरवायला, घट्ट करायला लागायचे. नव्या मशीनवरची मुलं नुसता पडदा पुसायची. मामांकडे मात्र खरंखुरं चाक होतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. पत्रात लिहिलं होतं की तीन नंबरच्या रॉडची ओढ एकसारखी नाही. एक पेटी घट्ट, एक सैल. महिन्याभरानं त्यांचा माणूस स्वतः येऊन बघणार होता. साहेबांनी सगळ्यांना उभं करून निकाल सांगितला. त्या माणसानं पुन्हा नाही म्हटलं तर तीन नंबर भंगारात जाणार आणि मामा गोडाऊनला जाणार. जुनं मशीन, जुना माणूस, आता हेच होणार असं सगळ्यांनीच मनात धरलं.

जेवणाच्या सुट्टीत मामा डबा न उघडता बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "गोडावनात बसून पेट्या उचलन्याचं वय न्हाई आता. आन् मशीनवाल्या मान्साला तिथं कोन इचारतंय. त्यापरीस गावाकडं जाईन." गावाकडे जायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी नगरमध्ये बारावी सायन्सला होती. त्यांच्या गावात दहावीच्या पुढे वर्ग नव्हता. मुलगी हुशार होती. गणितातलं अडलं की मामांच्या मोबाईलवरून मला फोटो पाठवायची. मामा गेले असते तर तिची बारावी अर्ध्यातच सुटली असती. मामा ते बोलले नाहीत. पण त्या दुपारपासून तीन नंबरचा चार्ट माझ्या डोक्यात घर करून बसला.

चार्ट करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा. टिंब वर, खाली, वर, खाली. मी तो आधीही रोज बघत होते, पण जुनं मशीन आहे, असंच असणार, असं म्हणून सोडून देत होते. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या बाईला हे शोभत नाही, पण खरं ते खरं.

मग एक दिवस मामांनी मुलीच्या कसल्याशा फॉर्मसाठी सुट्टी घेतली. त्यांच्या जागी जो पोरगा आला तो साऱ्या एमआयडीसीत आळशी म्हणून नावाजलेला. तो मशीन चालू करायचा, खांबाच्या आड बसायचा आणि मोबाईलवर क्रिकेट बघायचा. त्या दिवशी साहेबही पुण्याला गेलेले. म्हणजे त्याला रान मोकळंच होतं. दिवसभर त्यानं चाकाला बोट लावलं नाही. मी दर अर्ध्या तासानं जात होते, मनातल्या मनात त्याला शिव्या देत टिंब देत होते. चार वाजता चार्टकडे नीट बघितलं आणि तिथंच उभी राहिले.

महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. टिंबं मधल्या रेघेच्या अंगाअंगानं चाललेली. करवत कुठंच नव्हती.

मला आधी खरं वाटेना. मी सगळे रॉड पुन्हा मोजले. ओढ मोजायचं यंत्र पुन्हा तपासलं. तेच आलं. मग मागच्या दोन महिन्यांचे चार्ट काढून खोलीवर घेऊन गेले आणि जमिनीवर पसरले. करवत मामांच्या दिवशी असायची आणि ते रजेवर असतील त्या दिवशी नसायची. शंकेला जागाच राहिली नाही. कारखान्यातला सगळ्यात कामसू माणूस आपल्या कामसूपणानं माल बिघडवत होता आणि सगळ्यात आळशी पोरगा क्रिकेट बघत तो सुधारत होता. मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण हे साहेबांना जसंच्या तसं कळलं असतं तर त्यांनी गिऱ्हाइकाची वाटसुद्धा बघितली नसती. मामा दुसऱ्या दिवशी गोडाऊनला गेले असते, आणि वर आपल्यामुळेच माल बिघडला हा ठपका घेऊन.

म्हणून मी आधी मामांना सांगायचं ठरवलं. सांगितलंही, आणि अतिशय वाईट सांगितलं. माझ्या जिभेला मधलं काही माहीत नाही. मी चार्ट पुढे धरला आणि म्हटलं, "मामा, तुम्ही नव्हता त्या दिवशी बघा किती छान चाललं." त्यांनी बघितलं. चार्ट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बरं हाय मॅडम." ताईची मॅडम झाले, तेव्हा मला कळलं की काय केलं मी. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं टिंब पडायच्या आत चाक फिरवायचे, आणि तेही आधीपेक्षा जोरात.

ते दोन दिवस माझे फार वाईट गेले. मला माझाच राग येत होता. आपण बरोबर आहोत, एवढ्यानं समोरच्याला पटत नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांना आकडे दाखवून उपयोग नव्हता. ते हातानं काम करणारे, त्यांना हातानंच करू द्यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी कँटीनच्या मावशींकडून दोन पराती, कणीक आणि मूठभर सुके वाटाणे मागून घेतले. मावशींनी कणकेवरून मला चांगलंच सुनावलं. दोन्ही परातींत कणकेचा जाडसर थर केला, प्रत्येकीच्या मधोमध बोटानं खूण केली. रॉडला गुंडाळतात त्या कागदाची एक रुंद नळी केली. सुट्टीत मामांपुढे सगळं मांडलं आणि म्हटलं, "मामा, मला एक काम करून द्या. बोलू नका माझ्याशी, पण एवढं करा."

पहिल्या परातीवर नळी खुणेच्या बरोबर वर धरायची आणि वाटाणे एकेक करून सोडायचे. नळी हलवायची नाही. मामांनी सोडले. वाटाणा कुठं इकडे पडला, कुठं तिकडे, पण सगळे खुणेभोवती गोळा झाले. दुसऱ्या परातीवर तेच, फक्त वाटाणा खुणेच्या जेवढा उजवीकडे पडेल तेवढी नळी डावीकडे सरकवायची. पुढे पडला तर मागे. मामांनी पट्टी घेतली. प्रत्येक वाटाण्याला अंतर मोजून नळी सरकवली. जीव लावून, जसे ते सगळंच करायचे. वाटाणे संपले तेव्हा दुसरी परात बघण्यासारखी झाली होती. वाटाणे चांगलेच फाकले होते, दोन तर काठाला गेलेले.

मामांनी दोन्ही परातींकडे पाहिलं. मग त्यांनी दुसरी परात पुन्हा सपाट केली आणि सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

"म्हंजी चाक मीच नाचवीत हुतो व्हय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही एकटे नाही. साहेबांचा कायदा, माझा चार्ट आणि तुमचे हात. तिघांनी मिळून." आणि मग मी त्यांना सांगितलं, ते मी आजही नव्या मुलांना सांगते. एकाच हातच्या दोन भाकरी वजनाला सारख्या होत नाहीत. मशीनचंही तसंच. कितीही नीट चालवा, टिंब थोडं वर, थोडं खाली जाणारच. तो त्याचा स्वभाव आहे. तो स्वभाव किती, हे मोजून वर एक आणि खाली एक रेघ मारता येते. टिंब त्या दोन रेघांच्या आत हलतंय तोवर मशीनला काही झालेलं नसतं, आणि त्या हलण्याला उत्तर म्हणून चाक फिरवलं की आपलं हलणं त्यात मिसळतं. टिंब रेघेबाहेर गेलं, की मात्र खरंच काहीतरी घडलेलं असतं. तेव्हाही चाक आधी नाही. आधी शोधायचं, काय घडलं.

"आन् तवर मी काय करायचं?"

"बघायचं."

मामा हसले. दोन दिवसांनी पहिल्यांदा. "साहेब मला उचलून भाईर टाकतील, ताई."

ते खरं होतं, म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी सांगितलं की तीन नंबरला एक आठवडा कुणी हात लावणार नाही, मामाही नाही. साहेबांनी विचारलं की मग मी पगार कशाचा देऊ. मी म्हटलं, "साहेब, चाक फिरतंय ते तुमच्या कायद्यानं. माणूस उभा दिसला की तुम्ही ओरडता, म्हणून मामा हात चालू ठेवतात. माल त्यानं बिघडतोय." कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलीनं हे बोलायचं नसतं. वर आवाजही चढलेला होता. माझा आवाज अशा वेळी माझं ऐकत नाही. साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस. नाहीतरी भंगारातच जायचंय ते." हे त्यांनी रागानंच म्हटलं, पण आठ दिवस दिले.

पहिल्या दिवशी मामांचे हाल बघवत नव्हते. टिंब पडलं की उजवा हात आपोआप चाकाकडे जायचा. मी "मामा" म्हटलं की मागे यायचा. दहा वाजेपर्यंत पाच-सहा वेळा झालं. शेवटी त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, दोन्ही हात मागे घेतले आणि मला म्हणाले, "ताई, बांधा. सैल बांधा, पर बांधा." मी बांधले. मशीन बंद करायचं लाल बटण दाबायची वेळ आली तर झटकन सुटतील इतपतच. आणि तेवढ्यात साहेब शेडमध्ये आले.

हात मागे बांधून मशीनपुढे उभा असलेला माणूस साहेबांनी उभ्या आयुष्यात बघितला नसेल. ते लालबुंद झाले. "हे काय चाललंय? पगार कशाचा घेता मामा तुम्ही?"

मामा शांतपणे म्हणाले, "सध्या तरी हात न लावन्याचा, साहेब." आणि मानेनं चार्टकडे खूण केली.

साहेबांनी चार्ट बघितला. सकाळपासूनची टिंबं मधल्या रेघेला धरून चालली होती. ते आल्या पावली निघून गेले. शेडमधली मुलं तोंडावर हात धरून हसत होती, पण संध्याकाळी त्यातलाच एक येऊन मला विचारत होता की रेघा कशा काढायच्या.

दुसऱ्या दिवसापासून रुमाल लागला नाही. आणि चौथ्या दिवशी, दुपारी, एक टिंब वरच्या रेघेच्या बाहेर गेलं. सगळं शांत चाललेलं असताना ते एकटं टिंब डोळ्यांत खुपत होतं. मामांचा हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "काय घडलं? काय घडलं हितं?" मशीनभोवती एक फेरी मारली. मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "ताई, गाठ बदलली. पोरांनी आत्ताच नवी गाठ लावली."

आम्ही मागचे चार्ट काढले. नवी गाठ लावली की दर वेळी पहिला तासभर ओढ वर जात होती. इतकी वर्षं ते टिंब करवतीच्या दात्यांत मिसळून जायचं, कुणाला दिसायचंच नाही. एक आणि दोन नंबरवर असं होत नव्हतं. का, ते मामांनीच सांगितलं. त्या मशीनमागे जागा मोकळी असल्यानं तिथली मुलं पुढची गाठ आदल्या दिवशीच सोडून ठेवतात. दाबून बांधलेला टो रातभर फुगतो, मोकळा होतो. तीन नंबरमागे जुन्या पेट्या, मोडकी खुर्ची, रंगाचे डबे असा ढीग होता, म्हणून गाठ ऐन वेळेला सोडून तशीच घट्टच्या घट्ट लावली जायची. "वारा लागू द्यावा लागतो तिला," मामा म्हणाले. हे त्यांना माहीत होतं. पण जागा कोण देणार, म्हणून ते कधी बोलले नव्हते.

ती जागा आम्ही दोघांनी आणि त्या आळशी पोरानं मिळून मोकळी केली. त्याला मी सांगितलं होतं की सगळ्या कारखान्यात मशीनला त्रास न देणारा तूच, तर जरा आम्हालाही मदत कर. तो लाजला आणि कामाला लागला. त्या संध्याकाळपासून गाठ आदल्या दिवशी सोडून ठेवायला सुरुवात झाली. पुढच्या गाठीला टिंब रेघांच्या आत राहिलं. त्याच्या पुढच्या गाठीलाही. मामांनी चार्टच्या कोपऱ्यात खिशातल्या पेनानं लिहिलं, 'गाठ बदली. काही नाही.' मी तो चार्ट अजून ठेवलाय.

आठ दिवस झाल्यावर साहेब काही बोलले नाहीत, म्हणजे पुढेही तसंच चालू द्या, असं आम्ही धरून चाललो.

गिऱ्हाइकाकडून बाई आल्या, पुण्याहून. बारीक चणीच्या, चष्म्याच्या, कुणाच्या चहाला भुलणाऱ्या नव्हेत. त्यांनी माझे चार्ट बाजूला ठेवले आणि स्वतःचं यंत्र काढलं. दिवसभर तिन्ही मशीनवरचे रॉड स्वतः उचलले, स्वतः मोजले, मुद्दाम गाठ बदलायच्या वेळेला येऊन उभ्या राहिल्या. साहेब त्यांच्या मागेमागे होते. दुपारी बाई मामांपाशी आल्या आणि विचारलं, "तुम्ही या मशीनवर काय करता?"

साहेबांनी डोळे मिटले. मीही जवळजवळ मिटलेच.

"टिंब बघतो, बाई," मामा म्हणाले. "रेघांच्या आत असलं तर कायबी करत न्हाई. भाईर गेलं तर काय घडलं ते हुडकतो. गाठ बदलली का, फवारा तुंबला का, कागद वंगाळ आला का. ते घावलं की ते नीट करतो. आन् हे चाक हाय ना, हे आठ-आठ दिस फिरत न्हाई."

"आधी फिरायचं?"

"आधी लई फिरायचं. मीच फिरवायचो. चुकत हुतं माझं." सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, न अडखळता म्हणाले. एवढा मोठा माणूस मी तोवर बघितला नव्हता आणि नंतरही फार बघितले नाहीत.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. तोंडावरून काही कळलं नाही. मग आठवडाभर वाट. त्या आठवड्यात मामा रोज वेळेवर यायचे, टिंबं बघायचे, आणि घरचं काही बोलायचे नाहीत. मुलीचे गणिताचे फोटोही यायचे बंद झाले होते.

गुरुवारी साडेअकराच्या सुमाराला साहेब छापलेला कागद घेऊन शेडमध्ये आले. थेट तीन नंबरपाशी. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडून वाचावं लागलं. लिहिलं होतं की तीन नंबरचा माल पास आहे, तिन्ही मशीनांत ओढ त्याचीच सगळ्यात एकसारखी आहे. त्यांच्या पुढच्या सगळ्या ऑर्डरी, शक्य असेल तोवर, तीन नंबरच्याच मशीनवर काढाव्यात. एकावर नाही, दोनावर नाही, त्या पडदेवाल्या नव्या मशीनवर नाही. तीनवर.

मामांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि खरं वाटलं नाही. "परत वाचा, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी परत वाचलं. मग कागद मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "ते गोडाऊनचं मी काही बोललो नव्हतो, असं समजा मामा." आणि पहिल्यांदा, आमच्या सगळ्यांच्या देखत, साहेब चार मिनिटं मशीनपुढे नुसते उभे राहिले. काही पुसायला सांगितलं नाही.

मी रडले. लपून वगैरे नाही, तिथंच, रॉड हातात धरून रडले. आनंदानं आणि थोडं गर्वानंही. तो गर्व मी आजही सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. आम्ही जिंकलो होतो. ते जुनं मशीन जिंकलं होतं.

मामा शेडच्या दाराशी गेले, तिथं आवाज कमी असतो. फोन लावला. मी तिथल्याच वजनकाट्यापाशी होते, मला ऐकू येत होतं.

"हां, मीच. न्हाई, चांगलंच हाय. न्हाई, गोडावन बी न्हाई आन् गाव बी न्हाई. हितंच." पलीकडे बायको रडत असावी. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरगी कालिजातून आली की सांग तिला. पोत्यात भरलेली पुस्तकं भाईर काढ म्हनावं."